परसबागेचा हिशोब मुदतीशिवाय लागत नाही

घरच्या भाजीपाल्यावरचा वाद हल्ली दोनच सुरांत चालतो. एक बाजू म्हणते, प्रत्येकानं आपली भाजी आपण पिकवली की अन्नाचा प्रश्न मिटला. दुसरी बाजू वही उघडून बसते: वाफ्याच्या फळ्या, माती, खत, पाणी, तुमच्या सुट्टीचे तास, सगळं मांडा आणि मग सांगा तो टोमॅटो केवढ्याला पडला. २०२४ मध्ये शहरी शेतीच्या कार्बन उत्सर्जनावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, वहीवाल्यांच्या हाती नवा आकडा आला आणि भांडण आणखी कर्कश झालं. परसबाग म्हणजे एक चिमुकलं शेत, हे दोघांनीही न बोलता धरून ठेवलेलं असतं. मग शेताची मापं लावून एकानं तिला पास करायचं, दुसऱ्यानं नापास. ज्यावर बाकी सगळं अवलंबून आहे तो प्रश्न मात्र विचारलाच जात नाही: ही जमीन कुणाची, आणि किती वर्षांसाठी?

माझी भूमिका सरळ आहे. ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांना भाजी-फळं पिकवायला सार्वजनिक जमिनीचा तुकडा मिळायला हवा. तो लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं मिळायला हवा आणि त्या मुदतीला कायद्याचं संरक्षण हवं. एका हंगामाची परवानगी, 'बांधकाम सुरू होईपर्यंत वापरा' अशी मेहेरबानी, एखाद्या दिवसाच्या निमित्तानं चार रोपं लावून काढलेले फोटो, यांपैकी कशानंही काम भागत नाही. परसबागेवरचे बहुतेक आक्षेप अल्प मुदतीच्या बागेला लागू पडतात आणि दीर्घ मुदतीच्या बागेसमोर गळून जातात. जे गळत नाहीत, तेही पुढे येतीलच.

आधी आपल्याच बाजूचा दावा तपासू. इंग्लंडात नगरपालिका नागरिकाला भाड्यानं जमीन देते, तिला अलॉटमेंट म्हणतात. असा तुकडा परंपरेनं सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. पायवाटा, कंपोस्टचा ढीग आणि अवजारांची खोपटी वजा केली की लागवडीला २०० उरतात. हात सराईत असेल, माती बरी असेल आणि पिकं आलटून-पालटून घेतली, तर वर्षाला चौरस मीटरमागे दोन किलो भाजी धरायला हरकत नाही. म्हणजे ४०० किलो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाजी-फळं खायला सांगते. वर्षाचे होतात १४६ किलो. म्हणजे एवढ्या मोठ्या तुकड्यात अडीच-पावणेतीन माणसांची भाजी-फळं निघतात. पोट भरायचं म्हटलं तर गणित आणखी अवघड होतं. नुसत्या बटाट्यावर जगायचं ठरवलं, तरी एका माणसाला वर्षाला साडेनऊशे किलोच्या आसपास बटाटा लागेल आणि वरच्याच दोन किलोंच्या हिशोबानं तो काढायला तीनशे चौरस मीटरही पुरणार नाहीत. धान्य, डाळ, तेल यांचं तर नावच घ्यायला नको. शहर परसबागेवर जगणार नाही, हे एकदा स्वच्छ मान्य करावं. अडीच माणसांची ताजी भाजी ही काही लहान गोष्ट नाही, पण तिला स्वयंपूर्णता म्हटलं की समोरच्याच्या हातात आपण होऊन काठी दिल्यासारखं होतं.

स्वयंपूर्णतावाले लगेच युद्धकाळाचा दाखला देतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे दोन कोटी युद्धबागा होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपैकी ४० टक्क्यांच्या आसपास भाजी त्यांतून येत होती, असा त्या काळचा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये अलॉटमेंटची संख्या १४ लाखांवर गेली होती. दाखला खरा आहे, पण तो अर्धवट सांगितला जातो. युद्ध संपल्यावर काय झालं? उद्यानांतले वाफे बुजवले गेले, मोकळे भूखंड मालकांकडे परत गेले, माणसं दुकानांकडे वळली. ब्रिटनमध्ये आज तीन लाखांच्या आसपास तुकडे उरले आहेत. हेच त्याआधी अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात घडलं होतं. १८९३ च्या आर्थिक कोसळणीनंतर तिथल्या महापौरांनी, हेझन पिंग्री यांनी, १८९४ मध्ये शहरातल्या पडीक जागा बेकार कुटुंबांना बटाटे आणि भाज्या लावायला दिल्या. आधी टिंगल झाली, मग यश दिसलं, इतर शहरांनी कित्ता गिरवला, आणि कारखाने पुन्हा सुरू होताच उपक्रम विरून गेले. या दोन्ही गोष्टींतून मला एकच दिसतं. सरकारनं मनावर घेतलं तर जमीन एका हंगामात निघते, आणि गरज सरली की तेवढ्याच झटपट काढून घेतली जाते. संकटापुरती बाग म्हणजे मदतकार्य. मदतकार्याला मुदत नसते, संपायची तारीख असते.

आता कार्बनचा आकडा. या वादातला सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे, आणि माझ्या बाजूचे लोक तो उडवून लावतात याचं मला वाईट वाटतं. अभ्यास गंभीर आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या पाच देशांत ७३ ठिकाणी नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांत व्यावसायिक शहरी शेतं होती, सामूहिक बागा होत्या आणि एकेकट्या माणसांचे वाफेही होते. सरासरी काढल्यावर शहरात पिकवलेल्या एका वेळच्या भाजी-फळामागे ०.४२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं, तर नेहमीच्या शेतातल्या मालामागे ०.०७ किलो. सहापट! भाजी दारात पिकली म्हणजे ती आपोआप पर्यावरणस्नेही झाली, या समजुतीला इथे पूर्णविराम मिळतो. वाहतूक वाचते, पण शेतमालाच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा बहुतेक वेळा लहानच असतो. विमानानं येणारा किंवा तापवलेल्या काचघरात वाढवलेला माल मात्र याला अपवाद आहे, आणि त्याच अभ्यासात अशा पिकांच्या बाबतीत शहरी बाग बरोबरी करते किंवा पुढेही जाते.

पण हे सहापट येतं कुठून? पालक शहरात उगवला म्हणून तो जास्त धूर सोडत नाही. मोठा हिस्सा सामानाचा आहे: उंच वाफ्यांच्या फळ्या, सिमेंटचे ठोकळे, शेड, बाहेरून आणलेली माती, पायवाटांची फरशी. हे सामान तयार करताना झालेलं उत्सर्जन बाग जितकी वर्षं चालेल तितक्या वर्षांच्या पिकावर वाटलं जातं. संशोधकांनीच सांगितलं आहे की पाच वर्षं वापरलेल्या उंच वाफ्याचा दर वाढपामागचा भार वीस वर्षं वापरलेल्या वाफ्याच्या चौपट पडतो. वाफा तोच, फळ्या त्याच, टोमॅटोही तोच. बदलली ती फक्त वर्षं. आता सांगा, बागेचं आयुष्य पाच वर्षं असावं की वीस, हे कोण ठरवतं? पिकवणारा? ते ठरवतो जमिनीचा मालक. ज्या शहरात बाग म्हणजे बांधकामाची वाट पाहणाऱ्या भूखंडाचा तात्पुरता वापर, तिथे प्रत्येक वाफा कोवळ्या वयातच मोडणार आणि प्रत्येक फळी चौपट महाग पडणार, कार्बनच्या भाषेत. परसबागेच्या विरोधात फडकवला जाणारा अभ्यास माझ्या वाचनात मुदतीच्या बाजूनं उभा राहतो. कंपोस्टचंही असंच आहे. ढीग हवा न खेळता कुजला की त्यातून मिथेन हा तापमान वाढवणारा वायू निघतो. तो वर-खाली करायला, कोरडा-ओला तोल सांभाळायला शिकावं लागतं, आणि एका हंगामाचा पाहुणा हे कशाला शिकेल?

मातीकडे जरा जवळून पाहावं, कारण हिशोबाच्या वहीत मातीला रकानाच नसतो. शहरातला नवा तुकडा हातात येतो तेव्हा पहिल्या पावसानंतर त्याचा पृष्ठभाग पापडीसारखा धरतो. खुरपं मारलं की विटेचा तुकडा लागतो, मग चुन्याची पांढरी खपली, मग पुन्हा वीट. ढेकूळ हातात घेऊन दाबलं तर ते फुटत नाही, आणि फुटलं तर कोनेदार तुकडे पडतात. गांडूळ औषधालाही नाही. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जातं. वर्षामागून वर्ष पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, कंपोस्ट दिलं, पायानं तुडवणं थांबवलं की हीच माती रवाळ होते. मूठभर उचलली तर ओलसर राहते पण चिकटत नाही. घेवड्याचं मूळ उपटलं तर बारीक कण मुळाला धरून वर येतात आणि मुळावरच्या गाठी गुलाबीसर दिसतात. हे काम हंगामात होत नाही. इंग्लंडातल्या लेस्टर शहरातल्या अलॉटमेंटच्या मातीत आसपासच्या शेतजमिनीपेक्षा सेंद्रिय कर्ब सुमारे एक तृतीयांशानं जास्त आढळला, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. तिथे कुणी चमत्कार केला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आपला केरकचरा, गवत, शेणखत त्याच तुकड्यात घातलं होतं, कारण पुढच्या वर्षीही तो तुकडा आपल्याच हाती असेल याची त्यांना खात्री होती.

खात्री नसली की माणूस काय लावतो, तेही पाहा. अकरा महिन्यांच्या करारावर मेथी, कोथिंबीर, मुळा, फार तर टोमॅटो. लिंबाचं किंवा पेरूचं कलम कोण लावेल? कलमी झाडालाही मनाजोगं फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, बियांपासून वाढवलेल्याला त्याहून कितीतरी जास्त. झाड लावणं म्हणजे पुढच्या काळावर सही करणं, आणि ज्याच्या पायाखालची जमीन दरवर्षी नव्यानं मंजूर होते तो अशी सही करत नाही. म्हणून तात्पुरत्या बागांमध्ये फळझाडं जवळजवळ नसतात. सावली नसते, पक्ष्यांना घरटी नसतात, दर वर्षी नव्यानं आणलेली रोपं आणि नव्यानं ओतलेली माती मात्र असते. आणि मग त्याच बागांकडे बोट दाखवून विचारलं जातं की यांनी शहराला काय दिलं?

यावर सर्वांत मोठा प्रतिवाद घरांचा आहे, आणि तो खरोखर मोठा आहे. २५० चौरस मीटरवर इमारत उभी राहिली तर त्यात कित्येक कुटुंबं राहतील. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसासमोर वांग्याच्या वाफ्याचा हक्क सांगणं निर्लज्जपणाचं आहे. अन्नापेक्षा निवारा आधी की निवाऱ्यापेक्षा अन्न, हा वाद मला घालायचा नाही. घर आणि बाग यांच्यात खरोखर एकच निवडायचं असेल तर मी घर निवडीन. पण प्रत्यक्षात निवड अशी समोर येते का? लॉस एंजेलिसमध्ये १९९२ च्या दंगलीनंतर एका १४ एकरांच्या मोकळ्या जागेवर सुमारे साडेतीनशे कुटुंबांनी मका, भोपळे, मिरच्या, फळझाडं लावली. जमिनीच्या मालकीचा वाद झाला, मालकानं ताबा मागितला, आणि २००६ मध्ये पोलीस बंदोबस्तात बुलडोझर फिरवून बाग साफ करण्यात आली. त्यानंतर तिथे घरं झाली का? ती जमीन कित्येक वर्षं तशीच रिकामी पडून राहिली. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली महापालिकेनं शंभराहून अधिक सामूहिक बागा लिलावात काढायचं ठरवलं. त्यांतल्या कित्येक जागा अशा होत्या की पडक्या इमारती आणि कचऱ्याचे ढीग रहिवाशांनीच हातानं उपसून तिथे बागा केल्या होत्या. बागेमुळे वस्ती राहण्याजोगी झाली, वस्ती सुधारल्यामुळे जमिनीचा भाव चढला, आणि चढलेल्या भावानं बाग गिळायला घेतली. ऐन वेळी दोन ना-नफा संस्थांनी ११४ बागा विकत घेतल्या म्हणून त्या वाचल्या. प्रत्येक शहरात असे दाते उभे राहतील? आणि शहराच्या मालकीची जमीन वाचवायला नागरिकांनी ती शहराकडूनच विकत घ्यावी, हा कुठला न्याय? घरांची टंचाई आहे हे खरं, पण ती वाफ्यांमुळे झालेली नाही, आणि वाफे उठवले की ती मिटते असा अनुभवही नाही.

न्यायाचाच दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. लांब मुदत म्हणजे ज्याला आज तुकडा मिळाला तो पंचवीस वर्षं धरून बसणार, आणि बाहेर यादीत नाव नोंदवलेले वाट पाहत राहणार. इंग्लंडात काही ठिकाणी ही प्रतीक्षा वर्षानुवर्षांची आहे. ज्यांच्याकडे वेळ, अवजारं आणि माहिती आहे अशांच्याच हाती या जागा जातात, हेही पुष्कळदा खरं ठरतं. हा दोष मला मान्य आहे, पण मुदत तोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तुकडे लहान करावेत. आज अनेक नगरपालिका अर्धा तुकडा देतात आणि नवख्या माणसाला तोच झेपतो. जमीन कसली नाही तर ती परत जावी. ती विकता येऊ नये, पोटभाड्यानं देता येऊ नये, वारसानं आपोआप मिळू नये. जर्मनीत १९८३ च्या कायद्यानं अशा बागेला ४०० चौरस मीटरची कमाल मर्यादा घातली, त्यातल्या खोपटीला २४ चौरस मीटरची, आणि तिथल्या न्यायालयांनी किमान एक तृतीयांश जागेवर फळं-भाज्या हव्यात असं ठरवलं. नुसती हिरवळ राखून आरामखुर्ची टाकता येत नाही. क्यूबामध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर अन्नाची आणि इंधनाची टंचाई आली, तेव्हा हवानातल्या पडीक जागांची मालकी सरकारकडेच ठेवून कसण्याचा हक्क लोकांना दिला गेला. मालकी आणि कसणं वेगळं ठेवता येतं, हे या दोन अगदी भिन्न व्यवस्थांनी दाखवून दिलं आहे.

रोगाचा आणि शिशाचा मुद्दा मात्र मी कमी लेखणार नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात टोमॅटो-बटाट्यावर उशिरा येणारा करपा वेळेआधीच आणि भयंकर पसरला. दुकानांतून विकल्या गेलेल्या रोगट टोमॅटो रोपांतून तो घरोघरच्या बागांत गेला, ओल्या-थंड हवेत त्याचे बीजाणू वाऱ्यावर उडाले आणि पोटासाठी शेती करणाऱ्यांची शेतं बसली. हौशी माणसाच्या अज्ञानाची किंमत शेजारच्या शेतकऱ्यानं का मोजावी? हा प्रश्न रास्त आहे. शहराच्या मातीत जुन्या रंगांतून आणि एकेकाळच्या शिसेयुक्त पेट्रोलमधून आलेलं शिसंही असतं. टोमॅटो, भेंडीसारख्या फळांत ते फारसं शिरत नाही. पालेभाज्यांवर धुळीनं बसतं, कंदमुळांना मातीसकट चिकटतं, आणि खरा धोका मातीत खेळून बोटं तोंडात घालणाऱ्या मुलांना असतो. म्हणून लागवडीआधी मातीची तपासणी झालीच पाहिजे, आणि जिथे शिसं जास्त आहे तिथे बाहेरची स्वच्छ माती भरून उंच वाफे करावे लागतात, म्हणजे पुन्हा फळ्या आणि पुन्हा कार्बन. हा भार कुठल्याही मुदतीनं शून्य होत नाही. पण करपा लागलेलं रोप ओळखून त्याच दिवशी उपटणारा माणूस कोण असतो? सोडून दिलेल्या वाफ्यात आपोआप उगवलेला बटाटा हे या रोगाचं आवडतं घर. ज्या जागी बागकऱ्यांचा संघ आहे, शेजाऱ्याचं लक्ष आहे आणि पडीक तुकडा दुसऱ्याला देण्याचा नियम आहे, तिथे असा बटाटा फार दिवस उभा राहत नाही.

मग करार कसा असावा? नव्यानं शोधण्यासारखं त्यात फार काही नाही. इंग्लंडात १९०८ च्या कायद्यानं मागणी असेल तिथे तुकडे उपलब्ध करून देणं हे स्थानिक संस्थेचं कर्तव्य ठरवलं. मतदार यादीतल्या सहा जणांनी मिळून अर्ज केला तरी त्याचा विचार करावा लागतो. १९२५ च्या कायद्यानं अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकायला मनाई केली, आणि उठवलेल्यांची सोय झाल्याशिवाय ती संमती सहसा देता येत नाही. जर्मन कायद्यात 'कायमची बाग' म्हणून ठरवलेली जागा बांधकामासाठी उठवावी लागली तर नगरपालिकेवर पर्यायी जमीन देण्याची जबाबदारी येते. शहराला उद्या खरोखर रुग्णालयासाठी जागा हवी असेल तर ती अडत नाही. फक्त बागेलाही किंमत आहे हे धरून निर्णय घ्यावा लागतो. मला सर्वांत आवडतं ते १९२२ च्या इंग्लिश कायद्यातलं कलम. जागा सोडण्याची नोटीस ६ एप्रिलला किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतर संपली पाहिजे, म्हणजे उभं पीक सोडून कुणाला जावं लागत नाही. आणि नोटीस देऊन उठवलं तर उभ्या पिकाची आणि मातीत घातलेल्या खताचीही भरपाई मिळते. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्या माणसांना ठाऊक होतं की खत घातलं म्हणजे त्या जमिनीत काहीतरी ठेवलं. आपण मात्र अजून टोमॅटो केवढ्याला पडला यावरच भांडतोय. ज्या शहराला नवे वाफे आखायचे आहेत त्यानं नोटिशीचा हंगाम, खताची भरपाई आणि पर्यायी जमीन ही तीन कलमं पहिल्याच मसुद्यात घालावीत. एकदा का जमिनीचा भाव चढला की ती घालायला कुणीही तयार होत नाही.